मसुदा तपासणीत आहे

कापसानं भरलेला टेम्पो घरासमोरून गेला की मला सोनुने सर आठवतात, आणि सोनुने सर आठवले की पोटात एक छान ऊब येते. शेकोटीची नसते ती, रागाची असते. नीट राखून ठेवलेला राग थंडीच्या दिवसांत फार उपयोगी पडतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. त्याआधी मला राग आला की मी रडायचे, आणि रडून झालं की ज्याचा राग आला त्यालाच चहा करून द्यायचे. वर विचारायचे, साखर बरोबर आहे का.

आज सकाळीही असाच एक टेम्पो गेला. ताडपत्रीतून दोन्ही बाजूंनी फुगलेला, खाली वाकलेल्या तारांना घासत चाललेला. तो गेल्यावर गल्ली पांढरी झाली. बाभळीच्या काट्यांना कापूस, शेजारणीच्या तुळशीला कापूस, वाळत घातलेल्या पापड्यांना कापूस. दिवाळीला आलेली माझी नात गार्गी अंगणात लॅपटॉप घेऊन बसली होती, तिच्या बटणांतही दोन पुंजके अडकले. ती पुण्यात मोठमोठ्या वेबसाइटी बांधायचं काम करते. फोनवर कुणाला तरी सांगत होती, की नव्या प्रणालीची तपासणी तीन महिने झाले तरी चालूच आहे.

"कसली गं तपासणी?" मी विचारलं.

"आजी, तुला नाही कळणार."

झालं. माणूस म्हातारं झालं की लोक त्याला दोन गोष्टी सारख्या सांगतात, जपून चाला आणि तुम्हाला नाही कळणार. पहिली मी ऐकते.

"बाळे," मी म्हणाले, "तू पहिलीत नाक पुसायला शिकत होतीस, तेव्हा तुझ्या आजीनं आख्ख्या शिक्षण संस्थेसाठी असली प्रणाली तपासली होती. ओपन सोर्स. आणि एका माणसाचा सूडही घेतला होता त्याच प्रणालीच्या जोरावर."

तिनं लॅपटॉप मिटला. पोरींना सूड म्हटलं की वेळ असतो.

*

आमच्या संस्थेचं कार्यालय जुना जालन्यात होतं. खाली कापडाचं ठोक दुकान, वर आम्ही. जिना चढताना कोऱ्या मांजरपाटाचा वास नाकात बसायचा तो संध्याकाळपर्यंत. खिडकी उघडली की खालच्या ऑटोंचे भोंगे, धान्याच्या पोत्यांची धूळ, आणि या दिवसांत कापूस. टेबलावर, फायलींवर, पाण्याच्या माठावरच्या झाकणीवर. दोन हजार सहाच्या सुमाराला कार्यालयात पहिल्यांदा बरे संगणक आले. आमचा शिपाई त्यांना रोज फडक्यानं पुसायचा आणि रोज तेवढाच कापूस परत बसायचा.

मी तेव्हा कार्यालय अधीक्षक होते. पंचावन्न वर्षांची, केसांना मेंदी, गळ्यात चष्म्याची दोरी. संस्थेच्या शाळा भोकरदनपासून जाफराबादपर्यंत पसरलेल्या, त्यात एक उर्दू शाळा, एक महाविद्यालय, मुलींचं वसतिगृह. आमचे अध्यक्ष अण्णा. त्यांच्या मनात आलं की संस्थेची वेबसाइट पाहिजे.

"साधी न्हाई पाहिजे," अण्णा म्हणाले. "एका वाड्यात जशा सगळ्या भावांच्या खोल्या असतेत ना, तशी पाहिजे. दरवाजा एक. पण प्रत्येक शाळेची खोली अलग. ज्यानं त्यानं आपली खोली झाडायची, दुसऱ्याच्यात डोकवायचं न्हाई. मराठीत पाहिजे, उर्दूत पाहिजे, इंग्रजीत पाहिजे. आणि मुख्याध्यापकानं काहीबाही लिहिलं तर ते बाहेर जायच्या आधी इथं कुणी तरी वाचलं पाहिजे."

संगणकाला हात न लावता त्या माणसानं एका दमात जे सांगितलं, त्याला पुढं पुण्याच्या कंपनीचा माणूस इंग्रजीत चाळीस पानं लावून आला.

प्रणाली निवडायला समिती नेमली गेली. उर्दू शाळेच्या संगणक शिक्षिका नसरीन, कारण तिला कळत होतं. मी, कारण समितीत कार्यालयाचं कुणी असावं आणि चहा वेळेवर यावा. आणि समितीप्रमुख म्हणून सहसचिव सोनुने सर, कारण सोनुने सर प्रत्येक समितीचे प्रमुख असत.

*

आता सोनुने सर कोण, ते सांगायला एक्क्याऐंशी साली जावं लागतं.

जालना जिल्हा नवानवा झाला होता. लोक पत्त्यात 'जि. जालना' लिहिताना उगाच ठळक लिहीत. संस्थेचा रौप्यमहोत्सव आला होता, स्मरणिका काढायची होती. सोनुने सर तेव्हा तरुण मुख्याध्यापक आणि स्मरणिकेचे संपादक. मी तीस वर्षांची कारकून टंकलेखिका, दोन वेण्या सोडून नुकताच अंबाडा घालायला लागलेली. आणि भोळी तरी किती! सर म्हणाले, "दाभाडेबाई, संस्थेचा इतिहास गोळा करायला पाहिजे, तुमचं अक्षर चांगलं आहे." मी इतकी खूश झाले की अक्षराचा आणि इतिहास गोळा करण्याचा संबंध काय, हे विचारायचंच राहून गेलं.

असेच कापसाचे दिवस होते. मी एसटीनं गावोगाव फिरले. पिंपळगाव रेणुकाईला देवळाच्या ओट्यावर बसून पहिल्या शाळेच्या पहिल्या गुरुजींशी बोलले. त्यांना ऐकू यायचं नाही, मी पाटीवर प्रश्न लिहायचे आणि ते पाटी पुसून उत्तर तोंडानं द्यायचे. टेंभुर्णीला एक म्हातारी भेटली, तिच्या गोठ्यात शाळेचे पहिले दोन वर्ग भरलेले. वेचणीवरून परत आलेल्या बायका ओटीतला कापूस मोकळा करता करता मला सांगायच्या, कोणत्या मास्तरानं कुणाला मारलं, कुणाच्या पोरीला बापाशी भांडून शाळेत बसवलं. त्यांच्या बोटांना बोंडांच्या टोकांनी चिरा पडलेल्या असायच्या. मी लिहून घ्यायचे. माझी वही अशी फुगली होती की तिला दोरी बांधावी लागायची.

मग मी इतिहास लिहिला. बासष्ट पानं. पाठकोऱ्या कागदांवर. आमच्या कार्यालयाची रीतच तशी होती. कच्चा मसुदा कारकुनानं पाठकोऱ्यावर लिहायचा, साहेबानं वाचायचा, मग पक्की प्रत टंकायची, तिच्यावर साहेबाची सही. आणि पक्की प्रत झाली की कच्चा मसुदा फाडून टाकायचा. दोन प्रती राहिल्या की घोळ होतो, असं आम्हाला शिकवलेलं. मी कामात फार चोख होते हो. पक्की प्रत टंकून झाली त्याच दिवशी माझ्या हातची बासष्टच्या बासष्ट पानं आणि ती दोरी बांधलेली वही मी घरी नेली आणि बंबात घातली. त्या पाण्यानं न्हायले. डोकं धुतलं. स्वतःच्या हातानं स्वतःचा पुरावा जाळून त्यावर अंघोळ करणारी बाई अख्ख्या मराठवाड्यात मी एकटीच असेन.

स्मरणिका आली. 'संस्थेचा इतिहास', लेखक सोनुने सर. शेवटच्या पानावर आभारात छापखाना, मंडपवाले, आणि मग 'टंकलेखन साहाय्य: सौ. दाभाडे'. समारंभात सरांना शाल घातली. टाळ्या कोण वाजवत होतं? मी. पहिल्या रांगेत. उठून. नंतर घरी येऊन रडले आणि दुसऱ्या दिवशी सरांना पेढे दिले. त्या बाईला आज हाताला धरून दोन ठेवून द्याव्यात असं वाटतं. ती एवढंच म्हणाली असती, "सर, हे मी लिहिलंय," तर पंचवीस वर्षांचा राग वाचला असता. पण मग हिवाळे कसे काढले असते, तेही आहे.

*

दोन हजार सहाच्या त्या तपासणीत आमच्यासमोर दोन स्थळं होती. एक पुण्याच्या कंपनीची तयार प्रणाली. तिचा माणूस कोट घालून आला, एवढ्या उन्हात. त्यानं पडद्यावर पहिलं पान उघडलं, आणि त्यावर सोनुने सरांचा फोटो, भोवती फिरणारी झेंडूची माळ. सर खुर्चीत असे विरघळले की तपासणी तिथंच संपली असती.

दुसरं स्थळ नसरीननं आणलं. सीडीवरून तिनं ते कार्यालयातल्या एका संगणकावर चढवलं. जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलेली प्रणाली, आत कशी चालते ते सगळं उघडं. कुणीही वापरा, कुणीही दुरुस्त करा.

"कुणीही म्हणजे कुणीही?" सर म्हणाले. "ज्याला मालकच न्हाई, त्याला विचारायचं कुणाला?"

"सर, मसाला समझो," नसरीन म्हणाली. घरी उर्दू, शाळेत मराठी, आणि बोलताना दोन्हीची मजेदार खिचडी. "कंपनीवाला तयार पुडी देतो. तिखट जादा झालं तर त्यालाच फोन करा. हे म्हणजे कृती हातात दिली. आपल्याला पाहिजे तसं कूटा."

"मंग कूटणार कोण?"

"मी हूं ना, सर. और बाई हैं."

महिनाभर आम्ही दोघींनी ती प्रणाली कुटली. लोडशेडिंगमुळं वीज दुपारी जायची, इन्व्हर्टर तास-दीड तास ओढायचा, तेवढ्यात काय ते करायचं. नसरीननं कागदावर मुद्दे काढले होते, आम्ही एकेक तपासायचो. एका दरवाजातून सगळ्या शाळांच्या खोल्या निघतात का? निघाल्या. टेंभुर्णीच्या मुख्याध्यापकाला वसतिगृहाच्या पानात बोट घालता येतं का? आम्ही त्याच्या नावानं शिरून पाहिलं, हाकललं आम्हाला. लिहिणारा वेगळा, तपासणारा वेगळा, प्रकाशित करणारा वेगळा, अशी साखळी बसते का? बसली. हे तर आमच्या कार्यालयासारखंच होतं, फक्त पाठकोरे कागद नव्हते. मराठी अक्षरं दुसऱ्या संगणकावर चौकोन होऊन बसायची, त्यात आठ दिवस गेले. उर्दू मात्र पहिल्याच दिवशी उजवीकडून डावीकडे अशी झोकात चालली की नसरीननं उठून खिडकी उघडली आणि खालच्या ऑटोवाल्यालाच हाक मारून सांगितलं.

कंपनीच्या प्रणालीत उर्दू उलटी चालायची. तिच्या माणसानं सांगितलं, ते नंतर बघू. अण्णांनी ते ऐकलं, म्हणाले, "उर्दू शाळा संस्थेत आधी झाली, कंपनी नंतर आली." वारा फिरला. दुसऱ्या दिवसापासून सोनुने सर ओपन सोर्सचे जनक झाले. झेंडूची माळ विसरले बिचारे.

आणि त्याच आठवड्यात एका दुपारी, इन्व्हर्टर कुईकुई करत असताना, नसरीननं मला ते बटण दाखवलं. पानाच्या डोक्यावर, कोपऱ्यात. 'इतिहास'.

"हे काय गं?"

"बाई, कोणतं पण पान कुणी लिहिलं, कुणी बदललं, काय बदललं, सब इसमें रहता. पहिला मसुदा पण."

"फाडलेला?"

"फाडताच येत न्हाई, बाई."

मी ते बटण पंधरा मिनिटं दाबत बसले. हिरव्या पट्टीत नवं लिहिलेलं, लाल पट्टीत काढलेलं, शेजारी नाव. खिडकीतून कापसाचा एक पुंजका आला आणि पडद्यासमोर तरंगत राहिला, त्यालाही बहुतेक बघायचं होतं. एक्क्याऐंशी सालच्या त्या बंबासमोर उकिडवी बसून कागद सारणारी बाई मला दिसली. तिचा इतिहास काही कुठल्या बटणात नव्हता. पण सोनुने सर अजून तेच सोनुने सर होते. आणि समितीचा अहवाल अजून लिहायचा होता.

*

मी अहवाल त्या प्रणालीतच लिहिला. बावीस मुद्दे. नसरीननं सांगायचं, मी लिहायचं. वर नाव घातलं, 'संकलन: इं. दाभाडे, नसरीन मॅडम'. मग सरांना त्यांचं नाव आणि पासवर्ड काढून दिला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, "सर, शेवटचा हात तुमचा फिरू द्या."

नसरीनचा जीव खालीवर. "बाई, उनको बताना चाहिए ना, इतिहासवाली बात?"

"अगं, अहवालातच लिहिलंय की. बाविसावा मुद्दा. सरांनी वाचलं तर कळेल."

सरांनी हात फिरवला. मी दुसऱ्या दिवशी पाहिलं आणि देवासमोर साखर ठेवली.

बैठक संस्थेच्या सभागृहात झाली, सकाळी, वीज असताना. कार्यकारिणीची सगळी मंडळी, चार-पाच मुख्याध्यापक, पडद्यावर अहवाल. नसरीन संगणकाशी, मी तिच्या शेजारी. सर उभे राहिले. "माझ्या महिन्याभराच्या अभ्यासाअंती मी या निष्कर्षाप्रत आलो," असं म्हणून वाचू लागले. आवाज सुरेख होता त्यांचा, ते मी कधी नाकारलं नाही. एक ते एकवीस खणखणीत. मग: "मुद्दा बाविसावा. प्रत्येक पानाचा संपूर्ण इतिहास जतन होतो. कुणी, केव्हा, काय बदलले, ते कधीही पाहता येते."

"म्हंजे काय?" अण्णांनी विचारलं.

सरांनी कागदाकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं. "म्हंजे... ते बाई सांगतील."

"सांगते कशाला, अण्णा," मी म्हणाले, "दाखवते." आणि नसरीनच्या हातातून माउस घेऊन बटण दाबलं.

पडद्यावर दोन पानं शेजारी शेजारी आली. डावीकडं लाल पट्टीत आमची दोघींची नावं. उजवीकडं हिरव्या पट्टीत सरांचं नाव. बाकी अख्ख्या अहवालात सरांची भर फक्त तिसऱ्या आणि सतराव्या मुद्द्यात, 'उपयुक्त' या शब्दाआधी 'अत्यंत'. दोनदा. तेही हिरव्या पट्टीत.

सभागृहात आधी कुणी तरी खोकलं. मग भोकरदनचे मुख्याध्यापक म्हणाले, "अत्यंत उपयुक्त बटण आहे," आणि मग जो हशा झाला, तो मी आजही कापसाच्या दिवसांत काढून काढून ऐकते. सर उभेच. कागद हातात. कान लाल.

तो क्षण होता. मी म्हणूनही गेले, "एक्क्याऐंशीच्या स्मरणिकेला असलं बटण असतं तर—"

"काय म्हणायचंय बाई?" सर वळले.

आणि बघा, पंचावन्न वर्षांची, मेंदी लावलेली, सापळा रचून आलेली बाई काय म्हणाली? "काही नाही, सर."

ती दोन वेण्यांची भोळी पोर मेली नव्हती. अंबाड्याखाली लपून बसली होती.

"अजून मागं जाता येतं का?" अण्णांना खेळ आवडला होता. "जा मागं, जा."

नसरीननं मला कोपरानं ढोसलं, पण माउस माझ्याच हातात होता आणि मी भानावर नव्हते. दाबत गेले मागं, मागं, आणि त्या पानाचा पहिलावहिला मसुदा पडद्यावर आला. मराठी टंकायचा सराव म्हणून मी तिथं काही ओळी लिहिल्या होत्या आणि नंतर पुसल्या होत्या. पुसल्या, असं मला वाटत होतं. दोन वीत उंचीच्या अक्षरांत सगळ्यांनी वाचलं: 'सोनुने सर मतलबी आहेत. सोनुने सर नावचोर आहेत. त्यांच्या बागेतली मोसंबी कडू निघो. ही चाचणी आहे.' आणि खाली: 'अण्णांना यातले काही कळत नाही, नुसती मान हलवतात. ही पण चाचणी आहे.'

जमीन काही दुभंगली नाही. ऐन वेळी कधी दुभंगत नाही ती. अण्णांची मान तेव्हाही हलतच होती, ती थांबली.

"चाचणी यशस्वी झाली," अण्णा म्हणाले. "हीच प्रणाली घ्या. आणि शेवटचं बटण, ते प्रकाशित करायचं, ते दाभाडेबाईंकडं राहू द्या. एवढं सगळं मनात ठेवून चहा पाजणारी बाई घाईनं काही बाहेर जाऊ देणार न्हाई."

*

अहवालावर आमची नावं परत आली. माझं समाधान मात्र झालं नाही. बासष्ट पानांपुढं बावीस मुद्दे म्हणजे काय? मला तोच कबुलीजबाब हवा होता, त्याच माणसाच्या तोंडून. आणि तो काही मिळणार नव्हता, हे मी धरून चालले होते.

वेबसाइट उभी राहिली. गावोगावचे मुख्याध्यापक आपापली खोली झाडू लागले. माझ्यासमोर रोज मसुद्यांची रांग लागायची: स्नेहसंमेलन, वृक्षारोपण, निकाल. वाचायचे, दुरुस्त करायचे, बटण दाबायचे. पहिल्याच आठवड्यात त्या रांगेत एक मसुदा आला. 'सहसचिवांचे मनोगत', लेखक सोनुने सर. उघडला. पहिला शब्द होता 'मी'. तिथंच बंद केला.

त्यानंतर जे सुख सुरू झालं, ते मला लग्नानंतरही मिळालं नव्हतं. सरांचा फोन यायचा.

"बाई, आमचं मनोगत अजून लागलं न्हाई का?"

"तपासणीत आहे, सर."

"किती दिवस?"

"सर, प्रणालीच तशी आहे. बारकाईनं बघावं लागतं."

कधी फोटोचा आकार, कधी अक्षरांचे चौकोन, कधी वीज. कारणांना मी कधी कमी पडले नाही. मधूनमधून सर कार्यालयात यायचे, कोपऱ्यातल्या संगणकावर बसून स्वतःच्या मसुद्यात काहीतरी खुटखुट करायचे आणि जायचे. करा म्हणावं. 'मी'च्या जागी 'आम्ही' करत असतील. रांगेत त्यांचा मसुदा खाली खाली जात राहिला, वर तीन हंगामांचे कापूस येऊन गेले, मोसंबीचे दोन बहार झाले. मी तो उघडला नाही. उघडला की वाचावा लागला असता, आणि वाचला की लावावा लागला असता.

मग माझ्या निवृत्तीचा दिवस आला. तेही हेच दिवस. खालच्या दुकानात लग्नसराईची गर्दी, जिन्यात मांजरपाटाचा वास. निरोपाचा हार गळ्यात तसाच, आणि नसरीन शेजारी उभी, शेवटचं बटण आता तिच्याकडं द्यायचं होतं. रांग रिकामी करून द्यावी, म्हणून मी खालपर्यंत गेले. एकच मसुदा उरला होता.

"खोल दो, बाई," नसरीन म्हणाली. "अब तो खोल दो."

उघडला. पहिला शब्द 'मी'च होता. पुढचे असे: 'मी प्रथम एक चूक दुरुस्त करू इच्छितो. संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा इतिहास माझ्या नावाने छापला गेला. तो मी लिहिलेला नाही. तो श्रीमती इंदुमती दाभाडे यांनी गावोगाव फिरून लिहिला. मी त्यांना विचारलेही नाही.'

मी खुर्चीत नीट बसले. चष्मा पुसला. परत वाचलं. मग हाताला जी सवय लागली होती, त्या सवयीनं इतिहासाचं बटण दाबलं.

सात मसुदे होते. पहिल्यात, वेबसाइट उभी राहिली त्या आठवड्यातल्या, सगळा पाल्हाळ आणि मध्ये कुठं तरी 'कार्यालयीन कर्मचाऱ्यांचे सहकार्य लाभले'. काही महिन्यांनी 'कर्मचाऱ्यांचे' लाल होऊन 'सौ. दाभाडे यांचे' हिरवं झालेलं. पुढं 'सहकार्य'च्या जागी 'मोलाचे सहकार्य'. मग 'बहुतांश लेखन'. मग कितीतरी दिवस काहीच नाही. मग ते वाक्य उचलून पार वर आणलेलं. आणि सातव्यात, गेल्या उन्हाळ्यातल्या, 'मी त्यांना विचारलेही नाही'. तेवढं एकच वाक्य हिरवं. कोपऱ्यातल्या त्या संगणकावर हे खुटखुट करत होते सर. दर वेळी मी फोनवर कारण सांगायचे आणि दर वेळी त्यांना बिचाऱ्यांना वाटायचं, बाईंनी वाचलंय आणि अजून पुरेसं झालेलं नाही.

मी पहिल्याच आठवड्यात बटण दाबलं असतं, तर 'कर्मचाऱ्यांचे सहकार्य' जगभर झळकलं असतं.

दाबलं. प्रकाशित. मग हार काढून ठेवला आणि सरांना फोन लावला. ते टेंभुर्णीला असत, मागं पाण्याची मोटार चालू होती.

"सर, मनोगत लावलं."

"वाचलं?" सरांनी विचारलं.

"आत्ता वाचलं."

"आत्ता?" मोटार बंद झाली. बहुतेक हातानंच केली. "आत्ता वाचलं? मंग तीन वर्षं काय तपासून राह्यल्या होत्या बाई?"

नसरीन ओढणी तोंडात कोंबून हसत होती. मी तिच्याकडं पाहिलं, पडद्यावरच्या सात मसुद्यांकडं पाहिलं. या खेपेला 'काही नाही, सर' ओठांवर आलं नाही.

"तुम्हालाच, सर," मी म्हणाले.

धादांत खोटं होतं. पण काय गोड लागलं!